गुन्हा रक्तात नसतो, मग कुठे असतो?

साखऱ्याहून सेनगावमार्गे हिंगोली गाठणाऱ्या माणसाला हिंगोली ठाऊक असते ती कलेक्टर कचेरीसाठी, हळदीच्या बाजारासाठी आणि दसऱ्यासाठी. दोनशे वर्षांपूर्वी हे गाव निजामाच्या फौजेची छावणी होते. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. लष्करातले गोरे अधिकारीही त्याच्याशी व्यवहार करत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे परवाना मागितला. तो मिळालाही. प्रत्यक्षात ते कापड जवळच्याच गावातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे होते आणि तो माल घेऊन वाटेवर होता. हरीसिंगने त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना वाटेत संपवले, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही हकिगत सांगितली, म्हणून ती उजेडात आली. हिंगोलीच्या बाजारात, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसे मारली जात होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांच्या आत पुरली जात होती, असे मेडोज टेलरने लिहून ठेवले आहे. टेलर निजामाच्या नोकरीतला अधिकारी. त्याची ठगांवरची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि इंग्लंडात प्रचंड खपली.

या कथांत इंग्रजांनी मीठमसाला किती घातला, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. तो बाजूला ठेवू. टोळीतल्या माणसांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र तेव्हाही खरा होता आणि आजही आहे.

इंग्रजांनी काढलेले पहिले उत्तर हिंगोलीपासून उत्तरेला, जबलपूरला सापडते. जे ठग माफीचे साक्षीदार झाले, त्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना १८३७च्या सुमारास तिथे एका उद्योगशाळेत कामाला लावण्यात आले. तंबू आणि गालिचे विणण्याचे काम होते. माल उत्तम निघे, त्याला मागणीही होती. हातांना कसब आणि डोक्यावर छप्पर एवढ्यापुरते पाहिले तर आपल्याकडचे हे टोळीवाल्यांचे बहुधा पहिलेच मोठे पुनर्वसन केंद्र म्हणावे लागेल. पण त्याला दार नव्हते. साक्षीदारांना मोकळे सोडायचे नाही, हे आधीच ठरलेले होते. ठगी बापाकडून मुलाकडे जाते अशी अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती, त्यामुळे मुलांवरही नजर होती.

या समजुतीचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मले की त्याचे नाव नोंदवहीत, हजेरी पोलिसांकडे, गाव सोडायचे तर परवाना. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात माणसे ठेवली गेली. दिवसातून अनेकदा हजेरी आणि उरलेल्या वेळात काम. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी. या लोकांच्या तारा सुटल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, पाच वर्षांनी. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना हे सारे नवे नाही. लातूर जिल्ह्यातल्या त्या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी ठाण्यातला जुना शिक्का किती काळ पुसला गेला नाही, हेही त्यात दिसते.

त्या काळचे विज्ञानही कायद्याच्या बाजूने उभे होते, हे विसरून चालणार नाही. इटलीचा डॉक्टर चेझारे लोंब्रोझो याने १८७६ मध्ये कवटी, जबडा आणि कानांच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो असे मांडले. ते कोसळले. १९६०च्या दशकात एक जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात, अशी नवी हवा उठली. डेन्मार्कमधल्या हजारो पुरुषांच्या तपासणीनंतर १९७६ मध्ये तीही बसली. त्या पुरुषांत आक्रमकतेचा काही पुरावा मिळाला नाही. आनुवंशिकतेचा वाटा शून्य आहे, असे आजचे शास्त्र म्हणत नाही. उतावळेपणा, धोका पत्करण्याची ओढ, व्यसनाची प्रवणता यांत जनुकांचा थोडाफार हात असतो. पण तो वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे आणि तो श्रीमंताच्या घरातही तेवढाच असतो. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार असते, याला जीवशास्त्रात कसलाही आधार नाही.

मग टोळीतला माणूस टोळी सोडतो ती कशामुळे? या प्रश्नावरचा सर्वांत धीराचा अभ्यास अमेरिकेतल्या बोस्टनचा आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या हार्वर्डमधल्या दांपत्याने १९४०च्या सुमारास सुधारगृहातल्या ५०० मुलांची आणि तशाच गरीब वस्त्यांतल्या, पण गुन्ह्यात न पडलेल्या ५०० मुलांची सविस्तर माहिती गोळा करायला घेतली. ते कागद नंतर हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिले. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांनी ते बाहेर काढले आणि सुधारगृहातल्या त्या मुलांचा माग थेट सत्तरीपर्यंत काढला. काय दिसले? बालपणी सगळ्यांत ‘वाया गेलेला’ कोण होता, यावरून साठीत कोण तुरुंगात असेल हे सांगता येत नव्हते. जवळजवळ सगळेच कधी ना कधी थांबले. कोण लवकर, कोण उशिरा, एवढाच फरक. लवकर थांबलेल्यांच्या आयुष्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. टिकाऊ नोकरी, लष्करातली भरती, जीव लावणारी बायको आणि जुन्या गल्लीपासून लांब बिऱ्हाड. यात मनपरिवर्तनाचा मोठा क्षण फारसा कुठे नाही. रोजचा दिवस ठरावीक कामांनी भरला, संध्याकाळी घरी वाट पाहणारे कोणी आले आणि मग हळूहळू माणूस बदलला.

वयाचा भागही आहे. गुन्ह्यांचे प्रमाण किशोरवयात चढते आणि पंचविशीच्या आसपास उतरू लागते, हे बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाच्या लक्षात १८३०च्या दशकातच आले होते. परिणामांचा विचार करून हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटल्यावरही काही वर्षे पक्व होत राहतो, हे अलीकडच्या मेंदूच्या प्रतिमांतून दिसले. अठरा वर्षांच्या पोराला टोळीत ओढणे सोपे असते आणि तिशीतला माणूस त्याच टोळीला कंटाळलेला असतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नोकरी, घर आणि विश्वास एकत्र आणले तर काय होते, याचा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो बोस्टनचा हा अभ्यास प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आटपाडीजवळच्या माळावर भिंत नसलेला तुरुंग उभा केला. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची. गांधीजींच्या सहवासातला हा माणूस भारतानंद नावाने ओळखला जाई. वसाहतीचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यात लांब शिक्षा झालेल्या कैद्यांना इथे राहायला खोली आणि कसायला जमीन मिळते. मुख्य म्हणजे बायकोमुलांना सोबत ठेवता येते. मुले शाळेत जातात, भाजी बाजारात जाते. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) याच वसाहतीवरून सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे आटपाडीच्याच परिसरातल्या माणसाची. सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले आणि स्वतंत्रपूरचे नाव जगात गेले. वसाहत मात्र छोटीच राहिली. आजही तिथे मोजक्या कुटुंबांचीच सोय आहे. मराठवाड्यात पैठणला मोठे खुले कारागृह आहे, तिथे कैदी शेती करतात.

इथे शास्त्राच्या बाजूने एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. खुल्या कारागृहात जाणारे कैदी निवडलेले असतात. वर्तणूक चांगली, शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला, पळून जाण्याची शक्यता कमी. त्यामुळे ते पुन्हा गुन्हा करत नसतील तर श्रेय वसाहतीचे किती आणि निवडीचे किती, हे सांगणे अवघड आहे. पण सवलत मिळूनही माणसे पळत नाहीत, कुंपणाचा खर्च वाचतो आणि मुले बापाच्या सहवासात वाढतात, एवढे तरी नक्की. एवढ्या वर्षांत अशा वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत का निघाल्या नाहीत, याचे उत्तर शास्त्रापेक्षा सरकारी सवयीत शोधावे लागेल.

परदेशात याच वाटेचे सर्वांत नावाजलेले उदाहरण लॉस एंजेलिसचे. ग्रेग बॉयल या पाद्र्याने १९८८ मध्ये टोळीतल्या पोरांना काम मिळवून देण्यापासून सुरुवात केली, पुढे बेकरी काढली आणि त्यातून ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ उभी राहिली. एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या टोळ्यांची पोरे तिथे एकाच भट्टीपुढे पाव भाजतात. संस्थेत लेझरने गोंदण काढण्याचा दवाखाना आहे. वरकरणी ही चैन वाटेल. पण चेहऱ्यावर आणि मानेवर टोळीचे नाव गोंदलेल्या माणसाला कोणी नोकरीवर ठेवत नाही, खोलीही देत नाही. लेझर शाईचे कण बारीक तुकड्यांत फोडतो, मग शरीरातल्या पेशी ते हळूहळू उचलून नेतात. एका बैठकीत काम होत नाही, महिनोन्महिने यावे लागते. तेवढे महिने माणूस समुपदेशकाच्या, कामाच्या आणि नव्या सोबत्यांच्या संपर्कात राहतो, हा त्याचा दुसरा फायदा. याच शहरात, संस्थेपासून फार लांब नाही अशा स्किड रो भागात हजारो माणसे फुटपाथवर तंबू ठोकून राहतात. टोळीतून बाहेर पडलेल्याला घर मिळाले नाही तर तो कुठे जातो, हे पाहायला तिथे फार चालावे लागत नाही.

सुटकेनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात, ही गोष्ट वैद्यकाने आकड्यांत मांडली आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका बाहेरच्या तशाच लोकांपेक्षा सुमारे १३ पट होता. सर्वांत मोठे कारण मादक पदार्थांचा अतिरेकी डोस. यामागचे शरीरशास्त्र साधे आहे. आत असताना नशा सुटते आणि ती पचवण्याची ताकदही ओसरते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. आपल्याकडे चित्र थोडे वेगळे आहे. पण दारू, मध्येच तुटलेल्या क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या, झोपमोड आणि ‘आता जायचे कुठे’ ही धास्ती इथेही आहेच. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या लोकांसोबत काम करतो. सुटलेल्या माणसाला काही महिने एखाद्या संस्थेत विद्यावेतनावर काम देण्याची त्यांची पद्धत आहे. माणूस वेळेवर उठायला लागतो, त्याच्या हातात थोडे पैसे येतात आणि ‘याआधी कुठे होतास?’ या प्रश्नाला एक उत्तर मिळते.

घर नसलेल्या माणसाला आधी सुधारा, मग घर द्या, हा जुना क्रम आहे. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये तो उलटा केला. आधी खोली, अटी नाहीत, मग उपचार. पुढे कॅनडात पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन त्याची शास्त्रीय चाचणी झाली. आधी घर मिळालेले लोक घरात टिकले, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. व्यसनावरचा परिणाम मात्र तेवढा ठळक नव्हता. छप्पर म्हणजे औषध नव्हे, पण औषध लागू पडण्यासाठी छप्पर लागते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणारे अनेक जण टोळीतलेही नसतात आणि भिकारीही नसतात. ते आजारी असतात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मुंबईच्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने एका तरुणाला करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. उपचारानंतर तो पदवीधर निघाला, आंध्रमधल्या घरी परतला. त्यातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू झाली. तिचे केंद्र आता कर्जतला आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारातल्या बेघर माणसाला रस्त्यावरून आणायचे, औषधे सुरू करायची, तो बोलू लागला की गावाचे नाव काढून घ्यायचे आणि थेट घरी पोहोचवायचे, अशी ही पद्धत. डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फाटक्या कपड्यांतला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की पोलिसांना बोलावणाऱ्यांनी हे एकदा वाचायला हवे.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. शहरातला बेघर पुलाखाली दिसतो. सेनगाव-हिंगोली भागात तो वेगळ्या रूपात असतो. गावाच्या कडेला, गायरानात, रस्त्यालगत कापडाची आणि प्लास्टिकची पाले. त्यांत राहणाऱ्या अनेकांचे आजे-पणजे ‘टोळी’ म्हणून त्या जुन्या नोंदवहीत होते. शंभर वर्षे एका जागी स्थिर होऊ दिले नाही आणि आता स्थिर नाहीत म्हणून कागद मिळत नाहीत.

पालात राहणे म्हणजे आरोग्याच्या भाषेत काय, ते पाहण्यासाठी मण्यार पुरेशी आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज नसते, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आवाज बसतो, मग श्वास मंदावतो. विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. पोटदुखी समजून ओवा आणि चुन्याची निवळी देण्यात जे तास जातात, तेच मोलाचे असतात. खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी यांनी धोका बराच कमी होतो, हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात दिसले आहे. पण मच्छरदाणी बांधायला भिंत किंवा खांब लागतो. दंशाची शंका आली तर आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. हात किंवा पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तिथे मोफत मिळते.

क्षयरोगाचेही तसेच. उपचार साधारण सहा महिन्यांचे, गोळी रोज. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि तेवढ्यात बिऱ्हाड दुसऱ्या तालुक्यात हलते. गोळ्या सुटल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पोषणासाठी महिन्याला मिळणारे एक हजार रुपये बँक खात्यात येतात, खात्याला आधार लागते आणि आधारला पत्ता. पालातल्या चुलीचा धूर वेगळाच. विमुक्त आणि भटक्यांसाठी राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या नावाची मुक्त वसाहत योजना आहे, जागा आणि घर देणारी. कागदावर योजना चांगली आहे. जागा मात्र गावाने द्यायची असते, आणि अडते ते तिथेच.

मुलांच्या पिढीवर काम करणाऱ्यांनी हा अडथळा वळसा घालून पार केला आहे. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा आहे. त्या कामाशी जोडलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून भीक मागणारी मुले गोळा केली आणि ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी केली. पुढे समृद्धी महामार्ग नेमका त्या शाळेवरून आला आणि ग्रंथालयासह काही बांधकामे त्यात गेली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. लोंब्रोझोच्या पुस्तकाला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती. रात्री पालात कोणाला साप चावला आणि १०८ला फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो तो पत्त्याचा. तेव्हा पालांपासून जवळचे गाव, रस्ता आणि किलोमीटरचा दगड एवढे तरी सगळ्यांना पाठ असावे, लहान मुलांनाही.